काढा किती वेळ टिकतो?

बाळंतीण दवाखान्यातून घरी येण्याआधीच महाराष्ट्रातल्या अनेक घरांत दोन गोष्टींची तयारी झालेली असते. एक म्हणजे डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू आणि दुसरी दशमुळांचा काढा. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू या दहा वनस्पतींच्या मुळांची भरड काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली असते. सकाळी मोठ्या पातेल्यात काढा उकळतो, गाळून थर्मासमध्ये भरला जातो आणि मग दिवसभर, कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, त्याच थर्मासमधून पेल्यात ओतला जातो. रोजची दगदग नको म्हणून काही घरांत तीन-चार दिवसांचा काढा एकदाच करून फ्रिजमध्ये ठेवतात. सव्वा महिना हा क्रम चालतो.

यामागची माया खरी आहे. पण त्याच घरात रात्रभर ओट्यावर राहिलेले दूध सकाळी बाळंतिणीला कोणी देत नाही. सकाळची आमटी संध्याकाळी वाढण्यापूर्वी तिचा वास घेतला जातो. काढ्याला मात्र हा नियम लागत नाही, कारण तो औषध. औषध नासत नाही, असे आपण मनाशी धरून चालतो. बाळंतिणीला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि डॉक्टरांनी ‘काल काय खाल्लं?’ असे विचारले, तर वरण-भातापासून लाडवापर्यंत सगळे सांगितले जाते. काढ्याचे नाव निघत नाही. तो कोणी ‘खाल्लेला’ नसतो.

प्रत्यक्षात काढा म्हणजे वनस्पतींचे विरघळणारे घटक उतरलेले पाणी. त्यात औषधी द्रव्यांबरोबर पिष्ट, शर्करा, प्रथिनांचे अंश आणि क्षारही उतरतात. जंतूंच्या दृष्टीने पाहिले तर हे पातळ सूपच आहे. सुपाइतकेच आयुष्य त्यालाही आहे.

जुन्या वैद्यांना हे ठाऊक होते. आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच मूळ कल्पना सांगितल्या आहेत. क्वाथ म्हणजे आपला काढा. या पाचही गोष्टी त्या त्या वेळी करून घ्यायच्या. शार्ङ्गधर संहितेतले काढ्याचे प्रमाण पाहिले की हे स्पष्ट होते. एक पल भरड, सोळा पट पाणी, मंद आचेवर आटवून आठवा हिस्सा उरवायचा आणि कोमट असताना प्यायचा. आजच्या मापात एक पल म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम. सोळा पट पाणी पाऊण लिटरहून किंचित जास्त होते आणि आटवल्यावर उरतो ९६ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा पेला काढा. ही कृतीच मुळी एका माणसाच्या एका दिवसाच्या मापाची आहे. साठवणीचा विचार त्यात नाही.

त्याच ग्रंथात कोणते औषध किती काळ वीर्यवान राहते याचाही हिशेब दिलेला आहे. वाळवलेली वनस्पती एका वर्षानंतर गुणहीन होते, चूर्ण दोन महिन्यांनंतर, गोळ्या आणि अवलेह वर्षानंतर. आसव-अरिष्टे मात्र जुनी होतील तशी गुणवान होतात. काढ्याला या यादीत दिवस-महिने दिलेले नाहीत. ज्याला साठवायचेच नाही त्याची मुदत कशाला द्यायची?

थर्मासमध्ये काय घडते

‘पण काढा तर चांगला उकळलेला असतो!’ हा पहिला आक्षेप येतो. उकळल्याने बहुतेक जिवंत जंतू मरतात हे खरे. मरत नाहीत ते बीजाणू. मातीत राहणारे काही जंतू परिस्थिती प्रतिकूल झाली की स्वतःभोवती कठीण कवच तयार करतात आणि त्या अवस्थेत उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स ही त्यांतली दोन नावे अन्नविषबाधेच्या संदर्भात नेहमी येतात. दशमुळे म्हणजे मुळे, आणि मुळे मातीतून येतात. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशानेही वनस्पतिजन्य द्रव्यात दर ग्रॅमला एक लाखापर्यंत जंतू आणि एक हजारापर्यंत यीस्ट व बुरशी मान्य केली आहे. रोगकारक साल्मोनेला, ई-कोलाय वगैरे मात्र अजिबात नसावेत अशी अट आहे. म्हणजे उत्तम प्रतीच्या भरडीतही जंतू असणारच, असे नियमानेच गृहीत धरले आहे.

काढा गरम आहे तोवर हे बीजाणू निपचित असतात. तापमान ६० अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागले की ते जागे होतात, आणि ४५ ते ३० अंशांच्या टप्प्यात त्यांची चंगळ असते. प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे असले की त्यांना पेटीत ३७ अंशांवर ठेवतात. ओट्यावर थंड होत असलेले पातेले या टप्प्यातून तास-दोन तासांत बाहेर पडते. थर्मासचे कामच मुळी उष्णता धरून ठेवण्याचे. त्यामुळे सकाळी सातला भरलेला काढा दुपारपर्यंत कडकडीत आणि सुरक्षित असतो, पण त्यानंतर तो तासन्‌तास कोमट राहतो. रात्री झाकण उघडून ‘अजून कोमट आहे’ म्हणून समाधान वाटते ते नेमके चुकीच्या जागी.

वाढीचा वेग किती असतो? सर्व काही अनुकूल असेल तर ई-कोलायसारखा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक आणि दहा तासांत शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. काढ्यात परिस्थिती इतकी अनुकूल नसते, वेग कमी असतो. पण सुरुवातही एका जंतूपासून होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हळद, तुळस, कडुनिंब, गुळवेल ही तर जंतुनाशक औषधे, त्यांच्या काढ्यात जंतू वाढतीलच कसे? यांतल्या अनेक वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेत काही जंतूंची वाढ रोखतात, यात शंका नाही. मात्र तिथे वापरलेला अर्क अनेकदा दाट असतो, बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि तो ठरावीक जंतूंवर तपासलेला असतो. घरच्या काढ्यात त्याचे प्रमाण फारच कमी. शिवाय बीजाणू आणि बुरशी त्याला सहसा जुमानत नाहीत. शंका असेल त्याने काढ्याचा उरलेला घोट वाटीत घालून दोन-तीन दिवस खिडकीत ठेवावा. वर येणारी साय किंवा पांढरट तंतूंचे जाळे पुरेसे बोलके असते. (ती वाटी नंतर घासून, उकळत्या पाण्याने धुवावी.)

मग पुन्हा उकळून घेतला तर? वाढलेले जंतू बहुतेक मरतील. पण काही जंतू वाढताना विष सोडतात आणि ते उकळण्याने जात नाही. बॅसिलस सेरियसचे उलटी आणणारे विष तर १२१ अंशांवरही टिकते. भातासारख्या पिष्टमय पदार्थांत ते जास्त आढळते आणि एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. प्रत्येक शिळ्या काढ्यात ते असतेच असे नाही. मात्र ते आहे की नाही हे कळण्याचा घरगुती मार्ग नाही. पुन्हा पुन्हा उकळण्याचा आणखी एक तोटा असा, की पाणी उडून काढा दाट होत जातो. सकाळी घेतलेला पाव कप आणि रात्री घेतलेला पाव कप यांत औषधाची मात्रा एकच राहत नाही.

अन्न नासले की आपल्याला जीभ आणि नाक सावध करतात. काढ्याच्या बाबतीत हे दोन्ही पहारेकरी निकामी असतात. तो मुळातच कडू, तुरट, उग्र वासाचा. आंबूसपणा आला तरी ‘औषधच ते, असंच लागायचं’ म्हणून नाक दाबून प्यायला जातो.

बाळंतिणीसाठी याचा अर्थ गंभीर आहे. प्रसूतीत रक्त गेलेले असते, झोप अपुरी असते, अंगावर पाजणे चालू असते. अशा वेळी दिवसभराच्या उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी घटले, तर धडधाकट माणसापेक्षा तिला ते लवकर जाणवते. वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, कर्करोगावर केमोथेरपी घेणारे यांचेही तसेच. आणि काढ्याचा आग्रह सर्वांत जास्त होतो तो याच मंडळींना.

पोटात घ्यायच्या काढ्याइतकीच, किंबहुना जास्त काळजी बाहेरून वापरायच्या काढ्याची घ्यायला हवी. त्रिफळ्याच्या काढ्याने डोळे धुणारे लोक आजही आहेत. रात्री करून ठेवलेल्या, फडक्याने गाळलेल्या, उघड्या भांड्यातल्या पाण्याने सकाळी डोळे धुतले जातात. स्यूडोमोनास नावाचा जंतू अगदी साध्या पाण्यातही तग धरतो. बुबुळावर जरासा ओरखडा असेल तर तो एक-दोन दिवसांत बुबुळ पोखरू शकतो आणि नंतर दृष्टी पूर्ण परत येईलच असे सांगता येत नाही. डोळ्यासाठीचे कोणतेही द्रव निर्जंतुक असावे लागते. स्वयंपाकघरातला काढा ताजा असला तरी निर्जंतुक नसतो. म्हणून तो डोळ्यात घालूच नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर मुळीच नाही.

मुरांब्याचे तर्कशास्त्र

लोणचे वर्षभर टिकते, मुरांबा टिकतो, पापड टिकतात. आमटी टिकत नाही. स्वयंपाकघराला यामागचे तर्कशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मीठ, भरपूर साखर, तेल, आंबटपणा आणि वाळवण यांपैकी काहीतरी हवे. या सगळ्यांचे काम एकच, जंतूंना मोकळे पाणी मिळू न देणे किंवा ते असह्य करणे. काढ्यात यांतले काहीच नाही. आयुर्वेदाच्या इतर अनेक कल्पनांकडे या नजरेने पाहिले तर गंमत वाटते. काढा टिकत नाही या एकाच अडचणीवर शोधलेली ती निरनिराळी उत्तरे आहेत.

काढा आटवत आटवत पूर्ण घट्ट केला की घन होतो आणि त्याच्या गोळ्या वळता येतात. काढ्यात साखर किंवा गूळ घालून पाक केला की अवलेह. काढा तेला-तुपात घालून पाणी पूर्ण उडेपर्यंत शिजवला की सिद्ध तेल आणि घृत. तेल झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यातल्या कल्काची वात करून आगीवर धरतात. तडतड आवाज आला तर अजून पाणी शिल्लक आहे, आला नाही तर पाक सिद्ध झाला. ओलावा मोजण्याची इतकी सोपी आणि अचूक युक्ती दुसरी सापडणे कठीण.

सर्वांत हुशार उत्तर आसव-अरिष्टांचे. अरिष्टात काढ्यातच गूळ आणि धायटीची फुले घालून भांडे बंद करून ठेवतात. फुलांबरोबर आलेले यीस्ट गुळाचे अल्कोहोल करते आणि साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार झाले की इतर जंतूंना तिथे थारा उरत नाही. दशमूलारिष्ट हे दशमुळांच्या काढ्याचे असे टिकाऊ रूप आहे. बाजारात मिळणाऱ्या बाळंतकाढ्यांपैकी काही याच पद्धतीने केलेले असतात आणि लेबलवर स्वयंजनित अल्कोहोलचे प्रमाण लिहिलेले असते. २० मिलिलिटरच्या मात्रेत १० टक्के अल्कोहोल म्हणजे २ मिलिलिटर. प्रमाण थोडे आहे, पण अंगावर पाजणाऱ्या आईला आणि यकृताचा आजार असलेल्यांना ते माहीत असावे, आणि घ्यायचे की नाही ते वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारून ठरवावे. ‘काढा’ हे नाव वाचून हे लक्षात येत नाही.

गूळ घातला की टिकतो, हे ऐकून काही जण घरच्या काढ्यात दोन चमचे गूळ घालून ठेवतात. इथे अर्धे ज्ञान घात करते. साखर टिकवते ती पाकाइतकी दाट असेल तेव्हा. औषधी पाकात साखर वजनाने दोनतृतीयांश असते. त्याहून बरीच कमी असेल तर ती जंतूंना दिलेली खुराक ठरते. गूळ किंवा मध घालायचा तर पिताना पेल्यात घालावा. मध एक वर्षाखालच्या बाळाला कोणत्याही निमित्ताने देऊ नये. त्यातले बोट्युलिझमचे बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात.

बाटलीतला काढा

पूर्वी औषध वैद्याच्या खलातून थेट रोग्याच्या हातात येई. १८७२ साली पनवेलला सुरू झालेला धूतपापेश्वर कारखाना किंवा १९०२ साली केरळात पी. एस. वारियर यांनी स्थापन केलेली कोट्टक्कलची आर्य वैद्य शाळा यांच्यासारख्या संस्थांमुळे तयार औषध घरोघरी पोहोचू लागले. औषधाचा प्रवास लांबला आणि टिकवण्याचा प्रश्न वैद्याकडून कारखान्याकडे गेला. तयार काढ्यांत, म्हणजे प्रवाही क्वाथांत, बहुधा सोडियम बेंझोएट किंवा पॅराबेन गटातले संरक्षक घालतात. बाटलीवर मुदत छापणे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार आयुर्वेदिक औषधांनाही बंधनकारक आहे. प्रश्न असा, की ही मुदत कोणत्या बाटलीची?

ती बंद बाटलीची असते आणि लेबलवर सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या बाटलीची असते. झाकण उघडले की हवा, हात, चमचा यांच्याबरोबर नवे जंतू आत जातात. संरक्षक द्रव्य त्यांना काही काळ आवरते, पण त्यालाही मर्यादा आहेत. बेंझोएट आंबट द्रावणातच नीट काम करते. पीएच सुमारे ४.२ असताना त्याचा अर्धा भाग कामाचा असतो. पीएच ६ झाला की शेकडा दोन भागही उरत नाही. कारखाना हे मोजून औषध बनवतो. पण घरी कोणी ‘फार कडू आहे’ म्हणून बाटलीतच पाणी ओतले, तर संरक्षक पातळ होतो, अल्कोहोल पातळ होते आणि सारा हिशेब कोलमडतो. समभाग पाण्यातून घ्यावे असे लेबलवर लिहिलेले असते ते पेल्यात. बाटलीला तोंड लावून पिणे ही आणखी एक वाईट सवय. लाळेतले जंतू थेट आत जातात. उष्ट्या टोपणाने मात्रा मोजून तेच टोपण पुन्हा बसवण्यानेही तेच होते.

आता ‘थंड व कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर ठेवावे’ या ओळीकडे वळू. ती इतक्या वेळा छापली गेली आहे की कोणी वाचत नाही. औषधकोशात ‘थंड’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. ८ ते २५ अंश सेल्सियस. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातले किती घरांचे स्वयंपाकघर २५ अंशांवर असते? गॅसच्या शेगडीवरचे फडताळ ही औषधाची सर्वांत लाडकी जागा, आणि सर्वांत वाईटही. औषधांचा टिकाऊपणा लवकर तपासायचा असला की ती सहा महिने ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. म्हणजे मुद्दाम छळ करतात. चंद्रपूर-नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली बाटली त्याहूनही कडक छळ सोसत असते. एक ढोबळ आडाखा असा, की तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक बदलांचा वेग साधारण दुप्पट होतो. छापलेली मुदत दोन वर्षांची असली तरी अशा बाटलीला ती लागू होत नाही.

हे बदल जंतूंशिवायही होतात. काढ्यातले तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू बदलते आणि रंग गडद होतो. सुंठ, तुळस, दालचिनी यांची सुगंधी तेले झाकण उघडे राहिले की उडून जातात. करोनाच्या काळात, २०२० साली, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी यांचा काढा सुचवला आणि तो घरोघरी झाला. तेव्हा गॅसवर तासन्‌तास उघडा रटरटत ठेवलेल्या पातेल्यांतला बराचसा सुगंध घरभर पसरत होता, पेल्यात थोडाच उरत होता. प्रकाशानेही अनेक वनस्पतिजन्य द्रव्ये मोडतात, म्हणून औषधाच्या बाटल्या तपकिरी असतात. ते औषध पांढऱ्या बाटलीत ओतून घेऊ नये.

भांडेही औषधात भाग घेते. हिरडा आणि लोखंड यांची शाई होते हे जुन्या लेखनिकांना ठाऊक होते. हिरडा असलेला काढा लोखंडी कढईत केला तर तेच काळे पाणी हाती येते. कल्हई उडालेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात आंबट-तुरट काढा ठेवला तर तांबे त्यात उतरते आणि मळमळ होते. स्टील, काच किंवा मातीचे भांडे ठीक. शीतपेयांच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या मात्र नकोत. गरम द्रवासाठी त्या बनवलेल्या नसतात आणि अरुंद गळ्यामुळे आतून नीट घासताही येत नाहीत.

तळाशी साका दिसला की औषध बिघडले असे मात्र समजू नये. चहा गार झाल्यावर गढूळ होतो, तसेच टॅनिन थंडीत इतर द्रव्यांबरोबर गोळा होऊन खाली बसते. त्यासाठीच ‘हलवून घ्यावे’ असे लिहिलेले असते. झाकण उघडताना फस्स आवाज येणे, प्लॅस्टिकची बाटली फुगणे, वर साय किंवा तंतू दिसणे, गाठीसारखे तार धरणे ही बिघाडाची लक्षणे. अरिष्टाला शिरक्यासारखा वास येऊ लागला तर त्यातले अल्कोहोल हवेशी येऊन आंबट झाले आहे. अशी बाटली सरळ टाकावी, किंमत कितीही असो.

मग साठवायचे काय?

साठवायची ती भरड. कोरडी आहे तोवर तिच्यातले जंतू निपचित राहतात. चूर्णाला दोन महिने आणि अख्ख्या वनस्पतीला वर्ष, हा शार्ङ्गधराचा हिशेब खडा मसाला आणि दळलेला मसाला यांच्यासारखाच आहे. जितके बारीक, तितका हवेशी संबंध अधिक. आजच्या हवाबंद पाकिटांनी मुदत लांबते, पण पाकीट फोडेपर्यंतच. म्हणून जाडसर भरड घ्यावी, थोडी थोडी घ्यावी आणि पाकिटावरची तारीख पाहावी. दुकानातल्या उघड्या पोत्यातली भरड किती दिवसांची आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

सातव्या महिन्यातच बाळंतपणाची भरड आणून ठेवली आणि मध्ये पावसाळा आला, की कोकणात किंवा घाटमाथ्यावर ती दमट होतेच. कागदी पुडी, कापडी पिशवी या हवेत काही कामाची नाही. कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवावी आणि चमचा कोरडाच घालावा. भरडीच्या गुठळ्या झाल्या, कुबट वास आला किंवा पांढरट-हिरवट झाक दिसली तर ‘उकळल्यावर जाईल’ म्हणून ती वापरू नये. बुरशीची काही विषे, विशेषतः यकृताला घातक असणारे अफ्लाटॉक्सिन, उकळण्याने नष्ट होत नाहीत. उन्हात वाळवून बुरशी दिसेनाशी होते, विष तिथेच राहते.

घरचा काढा रोज लागेल तेवढाच करावा, हे उत्तम. पाव लिटर पाण्याला दहा-पंधरा मिनिटे जास्त गॅस लागत नाही आणि भरड आदल्या रात्री मोजून ठेवता येते. दोन वेळांसाठी एकदाच करायचा असेल तर पहिला भाग कोमट असताना घ्यावा. दुसरा गाळून लगेच उथळ, स्वच्छ भांड्यात गार करावा आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज ५ अंशांच्या खाली असावा. दाराच्या कप्प्यात ठेवू नये, तिथे तापमान सारखे बदलते. चोवीस तासांत संपवावा, घेताना लागेल तेवढाच एकदा गरम करावा आणि उरलेला झाडाला घालावा. ज्या गावात दिवसाचे सहा-आठ तास वीज जाते, तिथे फ्रिजचा भरवसा धरू नये. थर्मास वापरायचाच तर कडकडीत काढा काठोकाठ भरावा आणि चार तासांत संपवावा. थर्मासचे बूच आणि त्याची रबरी कडी रोज काढून धुवावी लागते, तिथे साचलेला थर पुढच्या काढ्याचे विरजण ठरतो.

काढा घेतल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर काढा थांबवावा, साखर-मिठाचे पाणी किंवा ओआरएस सुरू करावे. लघवी कमी झाली, चक्कर आली, ताप आला किंवा बाळंतिणीला ग्लानी वाटू लागली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. जाताना उरलेला काढा झाकण लावून सोबत न्यावा, आणि तो कधी केला, कुठे ठेवला होता, कितीदा गरम केला हे सांगावे. बाजारातली बाटली असेल तर ती फेकून देऊ नये. तिच्यावरचा बॅच क्रमांक आणि तारीख पाहूनच अन्न व औषध प्रशासनाला त्याच बॅचच्या दुसऱ्या बाटल्या तपासता येतात.